मकसूद शिकलगारांचं बोट

नारायण पेठेत मकसूद शिकलगारांचं सायकलचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, त्यामागे अरुंद खोली आणि दाराशी पाण्याचं घमेलं. नव्या सायकली त्यांनी कधी ठेवल्या नाहीत, फक्त दुरुस्ती. पण पेठ सोडून लांब फ्लॅटमध्ये गेलेली माणसंसुद्धा सायकल त्यांच्याकडेच आणत. कारण एकच होतं, मकसूदचं बोट.

पंक्चर काढायला कोणालाही येतं. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडा दिसला की तिथे घासायचं, सोल्यूशन लावून पॅच चिकटवायचा. पण ज्याने भोक पाडलं ते टायरमध्येच राहिलं, तर पुढच्या चौकात पुन्हा तेच. म्हणून ट्यूब चढवण्याआधी मकसूद डोळे मिटून उजव्या हाताचं बोट टायरच्या आतून सावकाश फिरवत. मध्येच बोट थांबे. "आहे," ते म्हणत. मग काचेचा कण असो, तारेचं टोक असो, चिमट्याने उपटून ते गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवत. ही पद्धत त्यांच्या वडिलांची. शिकलगारांनी काढलेलं पंक्चर परत येत नाही, असं लोक म्हणत, आणि मकसूदना त्याचा अभिमान होता.

गेल्या दिवाळीनंतर ते बोट मुकं झालं.

आधी लक्षात आलं ते रशीदाच्या. एकदा चहाचं पातेलं त्यांनी फडकं न घेताच गॅसवरून उचललं आणि शांतपणे कपात चहा ओतत राहिले. रशीदा धावलीच. "अजी, हात भाजला ना!" त्यांनी बोटांकडे पाहिलं. कातडी लाल झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, साखर फार दिवस वाढलेली आहे, दोन्ही हातांच्या नसा सुस्त झाल्या आहेत. पथ्य पाळा, पण गेलेलं परत येईलच असं नाही.

"दुकानात कोणाला सांगू नकोस," मकसूद बायकोला म्हणाले. "बोट गेलं हे कळलं, की दुकान गेलं."

त्यांनी बरेच उपाय करून पाहिले. टायर उलटा करून बॅटरीच्या उजेडात बघितला, पण बारीक कण डोळ्यांना दिसेना. फडकं फिरवून पाहिलं, तर ते टायरच्या सुटलेल्या धाग्यांतही अडकायचं. शेवटी ते पूर्वीसारखंच डोळे मिटून बोट फिरवू लागले. गिऱ्हाइकाला फरक कळत नव्हता. मकसूदना कळत होता. बोट फिरत असताना आत टायर आहे की हवा, हेसुद्धा त्यांना सांगता आलं नसतं.

अशात दीनानाथ परचुऱ्यांचं मागचं चाक बसलं.

परचुरे पंच्याहत्तरीचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी श्यामलाबाई कर्वेनगरच्या एका शुश्रूषागृहात होत्या. त्यांना माणसं ओळखू येत नसत, पण दुपारी परचुऱ्यांच्या हातून भरवलेला वरणभात तेवढा खात. दुसऱ्या कोणी घास पुढे केला की तोंड घट्ट मिटून घेत. म्हणून परचुरे रोज सायकलने म्हात्रे पुलावरून जात, त्यांना भरवत आणि परत येत. मुलगा परदेशातून टॅक्सीचे पैसे पाठवायला तयार होता. परचुरे त्याला म्हणाले होते, "मला पाय आहेत. तुझे पैसे तुझ्या टॅक्सीला ठेव."

मकसूदनी पंक्चर काढलं. दोन दिवसांत चाक परत बसलं. पुन्हा काढलं, पुन्हा बसलं. नवी ट्यूब घातली, तीही गेली; तिलाही ठिगळं लागत गेली.

"मकसूद, ही ट्यूब आहे की गोधडी?" परचुरे म्हणाले. "तुझी ठिगळं सोडली तर हिच्यात मूळचं रबर शिल्लक आहे का रे?"

"रस्ते बेकार झालेत, साहेब. मेट्रोच्या कामापासून काय वाट्टेल ते पडलेलं असतं."

"बरोबर. आणि सगळं निवडून माझ्याच चाकाखाली येतं."

मकसूद हसले. पण नंतर घास गिळताना त्यांना ते बोलणं आठवत राहिलं.

पुढच्या वेळी परचुरे आले ते सायकल हातात धरून, घामाने भिजून. आज त्यांनी टोमणा मारला नाही. सायकल भिंतीला टेकवून ते बाकावर बसले.

"काल पुलाच्या पलीकडे चाक बसलं. रिक्षा थांबेना, सायकल कोण घेणार? चालत गेलो. पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळली होती." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "तिथल्या मुलीने भरवायचा प्रयत्न केला. हिने ताट उडवलं. मी गेलो तर माझ्या हातूनही खाईना. उपाशीच झोपली."

मकसूदनी चाक सोडलं. त्यांची मुलगी जिनत त्या दिवशी सुट्टी म्हणून डबा घेऊन दुकानात आली होती. लहानपणी ती इथेच खेळली होती. बोलता बोलता तिने सोडवून ठेवलेला टायर मांडीवर घेतला, गंमत म्हणून आतून बोट फिरवलं आणि एकदम ओरडली.

"आई गं! अब्बा, हे काय आहे यात?"

बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब आला होता. मकसूदनी टायर वाकवून पाहिला. केसाएवढी बारीक तार होती. ब्रेकच्या केबलमधून तुटलेली असावी. तिच्यावरून त्यांचं बोट दरवेळी फिरलं होतं.

परचुऱ्यांनीही वाकून तार पाहिली. मग परचुरे म्हणाले, "आत्ताच घुसली असेल, येताना."

"नाही साहेब," मकसूद म्हणाले. "पहिल्या दिवसापासून आहे. मला लागतच नाही आता. दिवाळीपासून." त्यांनी हात पुढे केला, जणू तो कोणा दुसऱ्याचा होता. "सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. काल वहिनी माझ्यामुळे उपाशी राहिल्या."

परचुरे त्या हाताकडे बघत राहिले. त्यांना रागवायचं असावं, पण जमलं नाही.

"इतकी वर्षं नीट केलंस ना," ते उठत म्हणाले. "आज बसने जातो. तू चाक बसवून ठेव."

मकसूदनी तार उपटली. जिनतकडून सगळा टायर पुन्हा तपासून घेतला, चेनला तेल दिलं, ब्रेक आवळले, सायकल पुसून ठेवली. संध्याकाळी परचुरे आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. आठवडा उलटला, तेव्हा ते पायीच आले.

"सायकल तयार आहे साहेब. आता काही होणार नाही."

"राहू दे. बसचा पास काढला." परचुरे सायकलकडे न बघता बोलत होते. "बसमध्ये पोरं उठून जागा देतात. त्यांना दिसतं मी म्हातारा झालोय. मलाच दिसत नव्हतं. पुलावर सायकल ढकलताना छातीत भरून आलं होतं, ते मी तुला सांगितलं नाही. विकून टाक ती."

"वहिनी जेवतात ना?"

"बस वेळेवर आली तर जेवते."

ते गेले. मकसूदनी त्या दिवसापासून पंक्चर घेणं बंद केलं. फक्त हवा, चेन आणि ब्रेक. "सायकलवाला आणि पंक्चर नाही? उद्या न्हावी म्हणेल केस कापत नाही," असं एका आजोबांनी सुनावलं. मकसूदनी मान हलवली. हळूहळू लोक दारावरून पुढे जाऊ लागले. दुपारी रशीदाचा डबा खाऊन झाल्यावरही बाक रिकामाच असे.

एका सकाळी आमोद नावाचा कॉलेजचा मुलगा आत डोकावला आणि परचुऱ्यांच्या सायकलकडे बघू लागला.

"काका, ही सेलला आहे? मस्त मेंटेन केलीय. चालवून बघू?"

मकसूदनी सायकल स्टँडवरून उतरवली. मुलगा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. "स्मूथ आहे, काका! घेतो मी. आणि सर्व्हिसिंग वगैरे तुमच्याकडेच, ओके?"

"चेन, ब्रेक आणत जा," मकसूद म्हणाले. हँडल त्याच्या हातात देताना त्यांची पकड क्षणभर सुटेना. "पंक्चर झालं तर मात्र माझ्याकडे आणू नकोस, बाळा. दुसरीकडे ने. आणि तिथल्या पंक्चरवाल्याला सांग, आधी आतून बोट फिरव."