चालती जपमाळ

लग्न होऊन वसईतल्या केळीच्या वाडीत आले, त्या पहिल्याच संध्याकाळी सासरचे दोन नियम मला कळले. जपमाळेला बसलं की उठायचं नाही आणि मान वळवून इकडंतिकडं बघायचं नाही. सासूबाई घरातल्या मरियामातेच्या अल्तारापुढं, त्यांच्या मागं चटईवर आम्ही सगळे. चुलीवरची भाजी करपली तरी चालेल. मला त्यात काही जड वाटलं नाही. मी शाळामास्तरीण, पन्नास पोरांना गप्प बसवणारी. मला बसायला कसली अडचण?

अडचण दुसऱ्या बाळंतपणानंतर आली, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी. संध्याकाळ झाली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागायचं. दुखायचं नाही, मुंग्याही नाहीत, पण पाय हलवल्याशिवाय राहवायचं नाही. हलवले की बरं वाटायचं, थांबले की पुन्हा सुरू. अंथरुणावर तर विचारूच नका. घर घोरत असायचं आणि मी पडवीत येरझारा घालायचे. असं वर्षभर चाललं आणि मी मनानंच खचले. शाळेत पोरांवर उगीच खेकसायचे, घरी भांडी घासताना रडायचे. मुलांचे लाड करायचीही इच्छा उरली नव्हती.

स्टेशनजवळच्या डॉक्टरांना मी रडण्याचं सांगितलं, पायांचं नाही. पाय वळवळतात हे काय डॉक्टरला सांगायचं, असा माझा शहाणपणा. त्यांनी उदासपणावरच्या गोळ्या दिल्या. त्या सुरू झाल्या आणि माझे पाय आणखीनच चेकाळले.

सासूबाईंचं निदान तयारच होतं. "हिचं मन प्रार्थनेत नाय, म्हनून पाय थाऱ्यावर नायत." मला न विचारताच त्या नवस बोलल्या. सणाआधीच्या नोव्हेनाला, म्हणजे चर्चमधल्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, सून रोज पहिल्या बाकावर गुडघे टेकून बसेल, तिला बरं वाटू दे. माझ्या दुखण्यावर याहून वाईट उपाय शोधूनही सापडला नसता. तीन दिवस मी दातओठ खाऊन काढले. चौथ्या दिवशी प्रार्थना चालू असतानाच उठले, सगळ्या गावासमोर बाहेर पडले आणि चर्चभोवती फेऱ्या मारत राहिले.

घरी आल्यावर सासूबाई ओरडल्या असत्या तर मला चाललं असतं. नवस मोडला, आता पोराबाळांवर काय येतंय, या धास्तीनं त्या जेवल्याच नाहीत. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "या घराला मी नसलेलीच बरी." तो रागावला नाही, घाबरला. दुसऱ्या दिवशी शाळेत सुट्टीचा अर्ज गेला आणि आम्ही एका डॉक्टरबाईंकडे गेलो. सासूबाईही बरोबर आल्या.

बाईंनी पहिल्यांदा पायांचं विचारलं. बसलं की होतं का? चाललं की थांबतं का? संध्याकाळी वाढतं का? मी नुसती मान हलवत होते आणि रडत होते. कुणीतरी हे विचारावं म्हणून मी वर्षभर थांबले होते, हे मला तेव्हा कळलं. रक्त तपासलं तर लोह फार कमी निघालं. बाई म्हणाल्या, "पाय झोपू देत नाहीत, झोप नाही म्हणून मन खचतं आणि मन खचलं की पाय जास्त छळतात. दोन्हींवर इलाज करू." आधीच्या गोळ्यांनी काहींच्या पायांची वळवळ वाढते म्हणून त्याही बदलून दिल्या.

"म्हनजे प्रार्थनेत मन नाय म्हनून नाय?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो आजी. हिला गुडघ्यावर बसवणं म्हणजे शिक्षाच."

सासूबाईंचा चेहरा पडला. वाटभर त्या पदराचं टोक चोळत होत्या.

त्या संध्याकाळी चटई अंथरली. मी बसायला गेले तर सासूबाईंनी माझा दंड धरला. "चल भायेर. आज माळ वाडीत म्हनू."

"आणि नियम, आई?"

"मरियामाता पोटुशी असताना बहिनीला भेटाया डोंगर चढून गेलती. चालनाऱ्या बाईवर ती कशाला रागवेल?"

मग केळीच्या रांगांमधून आमची माळ निघाली. त्यांचे गुडघे कुरकुरायचे, म्हणून त्या एक फेरी मारून विहिरीच्या कठड्यावर बसल्या आणि तिथून मोठ्यानं माळ म्हणत राहिल्या. पुढं हाच रिवाज पडला. दूरच्या टोकाला गेले की मला त्यांचं ऐकू येत नसे, मी आपली अंदाजानं 'आमेन' म्हणायचे.

पाय एका दिवसात सुधारले नाहीत. अजूनही कधीकधी चाळवतात. पण काही महिन्यांत झोप परतली आणि झोपेच्या मागून मीही परत आले. वर्गात पुन्हा हसायला लागले. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढच्या वर्षी नोव्हेना आली. मोडलेला नवस सासूबाईंनी स्वतःकडं घेतला. त्या दुखऱ्या गुडघ्यांवर पहिल्या बाकापाशी नऊही दिवस टेकल्या आणि मी बाहेर चर्चभोवती चालत होते. दर फेरीला मी बाजूच्या दारावरून जायचे आणि दर फेरीला त्या मान वळवून मला बघायच्या.