एका टेबलाच्या दोघी

सकाळची इस्त्री नुकती तापली होती. सासूबाई पाणी शिंपडून कपड्यांच्या गुंडाळ्या करत होत्या, मुलगा सायकलच्या चाकात हवा भरत होता आणि सून पहिल्याच कॉलरवर वाकली होती, तेवढ्यात दारावर थाप पडली. एवढ्या सकाळी कोणाला घाई झाली, म्हणून सासूबाई पुटपुटल्या. दारात दवाखान्यातली नर्स होती. सुनेने तपासणीची तारीख चुकवली, म्हणून घर शोधत आली होती.

सुनेला सगळी गल्ली ‘शिडी’ म्हणायची. नाव सासूबाईंनीच पाडलेलं. लग्न होऊन आली तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या, "चला, माळ्यावरचं काढायची सोय झाली." त्या स्वतः मूठभर. जिन्याखालच्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल त्यांनी सुताराकडून आपल्या मापाचं करून घेतलेलं, ते सुनेच्या कंबरेच्याही खाली यायचं. आता सातवा महिना लागला होता. पोट पुढे, टेबल खाली आणि दोघांच्या भांडणात कंबरेचा भुगा. बाळंतपणापर्यंत कसंही करून हात चालता राहायला हवा होता. कोपऱ्यावर मशीनची लाँड्री टपून बसली होती आणि एकदा तुटलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

नर्सने तिला वाकून इस्त्री करताना पाहिलं नि कपाळाला हात लावला. टेबल कोपराच्या जरासं खाली हवं, म्हणाली. उभं राहताना एक पाय पाटावर ठेवायचा, थोड्या वेळाने दुसरा. खालचं काही घ्यायचं तर कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यांतून बसायचं. कुशीवर झोपायचं, गुडघ्यांमध्ये उशी घ्यायची, कंबर हलकी शेकायची. पण कळा आल्यासारखं थांबून थांबून दुखलं, अंगावरून जायला लागलं किंवा ताप आला, तर शेकत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

"आमच्या वेळी बायकांना कंबरा नव्हत्या वाटतं," सासूबाई म्हणाल्या खऱ्या. पण आपली उशी त्यांनीच काढून दिली आणि संध्याकाळी मुलाकडून टेबलाच्या पायांखाली विटाही लावून घेतल्या.

चार दिवस बरे गेले. शिडी सरळ उभी राहून काम करायची, पाठीत आवळलेला दोर सैल पडल्यासारखा वाटायचा.

पण दुपारची पाळी सासूबाईंची. उंचावलेल्या टेबलापाशी खांदे कानाला लावून त्या इस्त्री फिरवायच्या. पाटावर चढून पाहिलं, तर गरगरलं आणि तापलेली इस्त्री हातातून सुटता सुटता राहिली. मग उजवा हात वर जाईनासा झाला. केस शिडीने विंचरून दिले, तर बाई हूं की चूं न करता बसून राहिल्या. एवढी टोचून बोलणारी जीभ गप्प झाली, हे शिडीला जास्त लागलं.

दुपारची पाळीही मग तिच्यावरच आली. उंच टेबलासमोर दिवसभर उभं राहिलं तरी कंबर ती कंबरच. वर पायांना सूज. नवऱ्याने मदत करून पाहिली. त्याच्या हातच्या पँटला दोन-दोन घड्या पडायच्या, गिऱ्हाईक ती तशीच परत पाठवायचं. दुसरं टेबल ठेवलं तर झोपायला जागा उरत नव्हती, आणि रोज दुपारी विटा काढायला-लावायला नवरा घरी नसायचा, सायकलवरून कपडे पोचवत फिरायचा. पुढच्या तपासणीला नर्सने आराम कर म्हणून बजावलं. शिडी म्हणाली, "ताई, तो कुठे मिळतो, पत्ता द्या. जाऊन येते." नर्सला हसू आलं नाही.

घरी येऊन शिडीनेच नवऱ्याला विटा काढायला सांगितल्या.

"आणि तुझी कंबर?"

"उंच टेबलापाशी दिवसभर मी एकटी, नाहीतर बुटक्यापाशी अर्धा दिवस. अर्धाच बरा."

सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "माझी मेली उंचीच आडवी आली."

विटा निघाल्या. बाळंतपणापर्यंत हे कसं निभावणार, हे तिघांपैकी एकानेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या इमारतीतले मास्तर कपडे घेऊन आले. सगळी गिऱ्हाइकं करतात तसं त्यांनीही गाठोडं उंबऱ्याशी जमिनीवर टेकवलं आणि ते वळले. शिडी टेबलाची कड धरून उभी होती. गिऱ्हाइकाला आजवर तिने कधी काही सांगितलं नव्हतं.

"मास्तर," ती म्हणाली, "गाठोडं खाली नका ठेवू. इथं टेबलावर ठेवत जा."