चौथी खेळाडू शोधायला कळंबपर्यंत

सकाळी सहाच्या गाडीने आम्ही तामलवाडी सोडली. मी आणि माझी मुलगी अश्विनी. पिशवीत चार भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि फोनचे दोन चार्जर. येळवस (वेळ अमावस्या) होऊन चारच दिवस झाले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी निसवून, कणसं धरून उभी होती. खिडकीतून गार वारा येत होता, तरी मी काच लावली नाही.

अश्विनीचा चार मुलींचा संघ आहे. फोनवर खेळतात. खेळ असा की पुष्कळ संघ विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, बंदुका शोधतात आणि एकमेकांना टिपतात. बेटाभोवतीचं कुंपण आवळत जातं. शेवटी जो संघ उरेल तो जिंकला. ज्वारी कापताना उभं पीक चहूबाजूंनी कमी होत जातं आणि सगळे ससे मधल्या तुकड्यात गोळा होतात, तसंच ते मला दिसतं.

दोन वर्षं चौघींनी सराव केला. सोलापूरच्या मोठ्या सामन्यात जागा मिळाली आणि त्याच महिन्यात चौथीचं लग्न झालं. सासरी तिच्याकडे फोन राहिला नाही. नवं नाव त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत कळवायचं होतं, नाहीतर संघ बाद. दोन मुली अश्विनीने खेळात हेरून ठेवल्या होत्या, एक तुळजापूरची, एक कळंबची. समोर बसवून खेळ बघायचा आणि घरच्यांना विचारायचं, असं ठरलं. "तू नुसती बस आई. सोबत आई आहे म्हटलं की लोक दारात उभं करत नाहीत," ती म्हणाली. नुसतं बसायला मी तयार होते.

तुळजापूरला देवीला बाहेरूनच हात जोडले. समृद्धीच्या वडिलांचं लॉज आहे. जिन्यावर भक्तांच्या चपला, वरच्या खोलीत ती. फोन नवा, बोटं विजेसारखी. अश्विनी तिच्याशेजारी बसली. संघातल्या बाकीच्या दोघी, एक लोहाऱ्याची आणि एक परंड्याची, आपापल्या घरून खेळात आल्या. मी मागून बघत होते. समृद्धीने एकटीने नऊ जणांना टिपलं. तोंडातून शब्द नाही. तेवढ्यात तिने हुसकावलेला एक संघ अश्विनी आणि त्या दोघींवर येऊन पडला. तिघी गेल्या, थोड्या वेळाने तीही गेली.

"मेलात कशा गं तुम्ही?" समृद्धी हसली. "म्या तर झोडपत होते."

जिना उतरताना अश्विनी खुशीत होती. "आई, नेम बघितलास का? नऊ! दोघींची समजूत काढते, हीच घेऊ. कळंबचं नुसतं बघून येऊ."

मला काहीतरी खटकलं होतं. काय ते सापडेना.

धाराशिवला गाडी बदलायची होती. खेळून फोन उतरला होता, म्हणून अश्विनी चहाच्या टपरीवर तो चार्ज करायला गेली. मी खांबाजवळ बसले. कळंबची पाटी लावलेली गाडी समोर आली, भरली आणि मागे सरकायला लागली. मला पाटी वाचता येत होती. उठून हाक मारायची एवढंच काम. पण भोवती इतकी माणसं. मी खांबाला टेकून बसूनच राहिले. अश्विनी धावत आली तोवर धूळ उरली होती.

"आई, हाक मारायची न्हाय का?"

पुढच्या गाडीला तासभर होता. आम्ही भाकरी खाल्ली. ती पुन्हापुन्हा घड्याळ बघत होती. ते जास्त लागलं.

येडशी, येरमाळा करत कळंबला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. मोंढ्याच्या (धान्यबाजाराच्या) मागच्या गल्लीत ऋतुजाचं घर. वडील मोंढ्यात हमाल. आईने पाणी दिलं. "लई लांबून आलात. ही दिवसभर फोनवर वरडत असती. शेजारीण इचारती, कुणाशी भांडतीय पोरगी?"

ऋतुजाचा फोन जुना, काचेला तडा. खेळ सुरू झाला आणि तिने हाक दिली, "उगवतीला, दगडामागं दोघं! अश्विनीताई, तुमच्या अंगावर येतील, भिंतीआड व्हा. झालात? उठवू का आता?"

"झाले!" अश्विनी ओरडली. मग ऋतुजाने गोळी झाडली. लागली नाही. पण ते दोघं उठून पळाले ते थेट अश्विनीच्या समोर.

'उठवू का' हे शब्द मी किती वर्षांनी ऐकले.

चौथीनंतर माझी शाळा सुटली ती पाखरं राखायला. आमच्या चार रानांत चार माळे (राखणीचे लाकडी माचे) होते. त्यांच्यावर मी, सुगंधा, शेवंता आणि कालिंदी, हातात गोफण. नियम एकच होता, आधी हाक, मग गोटा. एका रानातला थवा उठला की शेजारच्या रानात बसतो. म्हणून आधी ओरडायचं, "मावळतीला उठवते गं!" शेजारणीने "ऐकलं गं!" म्हटलं की मगच गोफण फिरवायची. कालिंदीचा नेम सगळ्यांत भारी. पण ती हाक देत नसे. त्या साली तिचं रान भरलेलं राहिलं आणि माझ्या कणसांत दाणे जाऊन नुसती बोंडं उरली.

ऋतुजाचा डाव संपला. जिंकल्या नाहीत, पण कुंपण ओसरीएवढं उरेपर्यंत चौघी जिवंत होत्या.

चहा घेऊन गल्लीत आल्यावर अश्विनी म्हणाली, "पोरगी चांगली आहे आई, पण नेम लई कच्चा. समृद्धीचंच नाव टाकते." तिने फोन काढला.

"नको टाकू," मी म्हणाले.

तिने फोन खाली घेतला. "का?"

"समृद्धीने थवा तुझ्या रानात बसवला. हिने आधी हाक दिली. नेम तू शिकवशील."

"सकाळी बस गेली तेव्हा तुझी हाक कुठं होती?"

तिचं बरोबर होतं. मी वळले आणि माळ्यावरून द्यायचे तशी हाक दिली, "ऋतुजाऽऽ!"

मोंढ्याच्या भिंतीवरची कबुतरं उडाली. दोन हमाल थांबले. ऋतुजा पदराला हात पुसणाऱ्या आईसह धावत बाहेर आली. मी तिच्या आईला म्हणाले, "बाई, तुमची लेक आमच्या संघात द्या. सोलापूरला मी स्वतः सोबत नेईन, सोबत आणीन."

"तुम्ही असाल तर न्या की," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला बोलताच येत न्हाय!"

अश्विनीला हसू आवरेना. तिथेच, दारात उभी राहून, तिने ऋतुजाचं नाव भरलं. साडेतीन वाजले होते.

परतीच्या गाडीत तिने विचारलं, "तुझा नेम कसा होता गं?" मी म्हटलं, "कच्चा." मग तिला तिघींची नावं सांगितली. सुगंधा लातूरकडे दिली, शेवंता पुण्याला गेली, कालिंदीचं काही कळलं नाही. एकीचाही नंबर माझ्याकडे नाही. कालिंदीचा राग आता राहिलेला नाही. तिच्या रानाकडे तोंड करून हाक द्यावी असंच वाटत राहिलं.

तुळजापूर सोडलं तेव्हा उन्हं कलली होती. ज्वारीवर पाखरांचा थवा फिरत होता. माळे कुठेच दिसत नव्हते. अश्विनी डोकं टेकून झोपली होती आणि तिचा फोन वाजला. मी उचलून "हॅलो" म्हटलं. पलीकडे ऋतुजा होती.

"मावशी, उद्या सकाळी सातला सराव, ताईला सांगा. ऐकू येतंय का?"

गाडी खडखडत होती. मी जोरात म्हणाले, "ऐकलं गं!"

पुढच्या दोन सीटवरची माणसं वळून बघायला लागली. मी खाली बघितलं नाही.