गोलच्या खांबांचे खड्डे

आज मोच्याच्या दुकानात चामड्याला चोळलेल्या करडईच्या तेलाचा वास आला आणि धाराशिवातलं आमच्या बंद पडलेल्या फुटबॉल क्लबाचं मैदान डोळ्यांपुढं आलं.

संस्थानाच्या विलीनीकरणानंतरचा उन्हाळा. क्लबाच्या अध्यक्षांची माणसं गोलचे खांब उपटत होती. आमचे कप्तान रहीमचाचा चेंडूला तेल चोळत बसले होते.

"रंगवून परत लावणार म्हणत्यात."

"चाचा, परत लावायचेत, तर खड्ड्यांत मुरूम घालून ठोकून घट्ट करतायत कशाला?"

चाचांचा हात थांबला. "तू लई शक्की हायस, गोलकीपर. जरा भरोसा ठेव."

आज तिथं अध्यक्षांच्या जावयाची सरकीची वखार आहे. पोरं येईनात म्हणून क्लब मोडला, असं अध्यक्ष सभेत बेधडक सांगतात. खोटं! आम्ही रोज येत होतो.

चेंडू सुकू नये म्हणून चाचा अजून तेल चोळतात. भरोसा ठेव, असं मात्र आता म्हणत नाहीत.