मागचं चाक

जगदाळेकाका दुपारी दोनला ड्यूटी संपवून घरी निघायचे आणि वाटेतल्या कडुनिंबापाशी आले की सायकलसकट उडी मारायचे. खाली काहीही नसायचं. खड्डा नाही, दगड नाही, साधी काडीसुद्धा नाही. जुनी, काळी, अवजड सायकल, हँडलला भाजीची पिशवी, आणि अठ्ठावन्न वर्षांचा हा गृहस्थ कोऱ्या डांबरावर वीतभर उडून पुढे जायचा. दिल्ली कँटमधल्या आमच्या वस्तीला त्याची सवय झाली होती. "फौजी है, सनक गया होगा," असं इस्त्रीवाला म्हणायचा.

काका साताऱ्याकडचे निवृत्त हवालदार. फौज सोडल्यावर इथल्याच एका गोदामावर पहारा करत. मी सरकारी ऑफिसात फायली ढकलणारी, रविवारी अरवलीच्या टेकाडांत सायकल चालवण्याची हौस असलेली. हौस दांडगी, कौशल्य बेताचं. एकदा पुढचं चाक झाडाच्या मुळावर चढलं, मागचं अडलं आणि हनुवटीला टाके पडले. टाके निघाल्यावर मी थेट काकांपुढे जाऊन उभी राहिले.

"काका, ती उडी मला शिकवा ना."

त्यांनी आधी माझ्या हनुवटीवरचा व्रण पाहिला. मग म्हणाले, "शिकवतो. पन कडुनिंबापाशी न्हाई. गोदामामागच्या पटांगनात."

माझी खोड हँडल हिसडण्याची. काका ओरडायचे, "ताई, हँडल उपटताय काय, मुळा हाय व्हय त्यो? आदी मागं बसा, हात सरळ. पुढचं चाक आपसूक उठतंय. मग ताठ व्हा, कंबर हँडलाला भिडवा आन् पंजं खाली करून पेडल मागं रेटा." पुढचं चाक उठायला लागलं, मागचं मात्र हटून बसलेलं. मी वाटेत वीट मांडायला गेले, तर त्यांनी ती पायाने लांब सारली. "इटंला कोन भितंय? हितं मानूस निजलाय म्हना."

जूनचं ऊन, पटांगणात चिटपाखरू नाही, आणि मी नसलेल्या माणसावरून सायकल उडवतेय. काका पाठ फिरवून उभे राहायचे आणि नुसतं सांगायचे, "लागलं." परत, "लागलं." टायरच्या आवाजावरून ओळखतात, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. तिसऱ्या आठवड्यात मला तिथे खरोखरच कुणीतरी कुशीवर निजल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी मागचं चाक उठलं. "निघालं," काका म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. उडी जमल्याचा आनंद बाजूलाच राहिला. माझ्या अंगावर काटा आला होता.

पुढे त्यांचे गुडघे गेले आणि त्यांनी गावी परतायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दुपारी ते मला कडुनिंबाखाली घेऊन गेले.

"अकरा वर्सं झाली," ते म्हणाले. "रस्त्याचं काम चाललं हुतं. कामावरची एक बाई हितं सावलीत आडवी झाल्याली. मला उशिरा दिसली. पुढचं चाक कसंबसं उचललं, मागचं गेलं तिच्या अंगावरनं. मऊ लागलं. वरडनं न्हाई, काय न्हाई. थांबून मागं बघितलं, तर रस्ता मोकळा."

"मग भास झाला असेल, काका."

"मुकादम बी तेच म्हनला. सगळ्या बाया धडधाकट हुत्या त्याच्या. पन दुसऱ्या दिशी परत लागलं. बाजूनं गेलो, तर बाजूला लागलं. तवापास्नं उडतोय." त्यांनी माझ्या सायकलचं हँडल धरलं. "मी येडा हाय का पापी, एवढं जायच्या आदी कळू द्या. तुमी उडू नका, ताई. सरळ जावा, आन् खरं काय ते सांगा."

"नक्की," मी उसनं अवसान आणून म्हणाले.

ते पाठ फिरवून उभे राहिले. मी निघाले. इतके आठवडे घोटलेलं शरीर ऐकेना, कंबर आपोआप मागे सरकायला लागली. दातओठ खाऊन मी सीटवर बसून राहिले. समोर सपाट डांबर स्पष्ट दिसत होतं. पुढचं चाक कशावर तरी चढलं आणि हळूच उतरलं. मग मागचं.

मी वळून आले. या वेळी 'लागलं' की 'निघालं', ते मी सांगायचं होतं.

"काही नाही, काका. सपाट रस्ता आहे."

ते तिथेच कडेला बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग सायकलवर टांग टाकून, न उडता, सरळ घराकडे गेले. मी मुद्दामच त्यांच्या मागच्या चाकाकडे पाहिलं नाही.

या हिवाळ्यात काकूंचा गावाहून फोन आला, काका गेल्याचं सांगायला. "दिल्लीत कदी डोळ्याला डोळा लागला न्हाई त्यांचा. हितं गाढ झोपायचे बगा," म्हणाल्या. मग आवाज उतरला. "ताई, खरंच तिथं काय नव्हतं न्हवं?"

"नव्हतं, काकू."

दुसऱ्यांदा खोटं बोलणं मुळीच जड गेलं नाही. त्या माणसाला अकरा वर्षांनी झोप लागली होती. जागं राहायची पाळी आता माझी आहे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.