मागच्या रांगेतले दोन शब्द

शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर दर रविवारी एक गाणं टाकायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलंय. अट एकच, ते फारसं कोणी ऐकलेलं नसावं. राजस्थानातले लंगा गवय्ये झाले, गोव्याचे मांडो झाले, कुठल्या कुठल्या देशातले धनगरही झाले. मित्र अंगठे दाखवतात आणि मी स्वतःला मोठा जाणकार समजतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

आई आमच्या लालबागच्या चाळीतल्या महिला भजनी मंडळात तीस वर्षं टाळ वाजवायची. जागा मागच्या रांगेत, भिंतीला टेकून. पेटीवरच्या बाईंनी ओळ म्हणायची, मागच्यांनी ती उचलायची. पण सगळे अभंग तोंडपाठ फक्त आईला. बाई अडल्या, की ती मागून पुढचे दोन शब्द सुरात सोडायची आणि गप्प बसायची.

दोन वर्षांपूर्वी एकादशीच्या भजनाला मी फोन पेटीपुढे ठेवला. आईने विचारलं, "माझो आवाज येतलो काय रे त्यात?"

"तुझा कशाला? तू तर कोरसमध्ये," मी म्हणालो. ती हसली आणि टाळ घेऊन मागे जाऊन बसली.

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. मग मी ते रेकॉर्डिंग शोधलं. चाळीस मिनिटं नुसत्या बाई, पेटी आणि पखवाज; मागचा कोरस सगळा एकात एक मिसळलेला. आठव्या मिनिटाला बाई अडतात आणि मागून ते दोन शब्द येतात. आईचा तेवढाच आवाज माझ्याकडे उरलाय. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

परवाच्या रविवारी ते ग्रुपवर टाकलं. कोणाचं ते लिहिलं नाही. आईचं म्हटलं की सगळे हात जोडलेले पाठवतात, ऐकत कोणी नाही. एवढंच लिहिलं, आठवं मिनिट चुकवू नका.

एकाने खरंच ऐकलं. त्याचा व्हॉइस मेसेज मी आईच्या पलंगाशी बसूनच लावला, मोठ्या आवाजात. "बाई कडक गातात रे! पण आठव्या मिनिटाला मागून कोणतरी मध्येच बोलते बघ. तेवढं कापून टाक ना."

आईने ऐकलं. चालतो तो हात तिने उचलला, दोन बोटांची कात्री केली, आणि मला खुणावलं, काप.