बूड बघणारी कोकिळा

तुमच्या हातावर सोललेली सुपारी ठेवली, तर तुम्ही ती कुठून बघाल? वरून ना? मग तुमची आणि दिवेआगरात आलेल्या त्या यंत्राची अक्कल एकाच मापाची. कोकिळा सुपारी अंगठ्याने उलटी करते आणि आधी बूड बघते, कारण कीड तिथूनच आत शिरते. सुपारीच्या वाड्यांवाल्यांच्या वाडीकर मंडळाच्या शेडमध्ये तीस वर्षं ती दाराकडे कूस करून सुपारी निवडत आली. उजेड डोक्यावरून नको, बाजूने हवा. तिच्या जोडीला आणखी दहा बाया.

मोठ्या वादळाने बागा झोपवल्या, त्यानंतर लावलेल्या पोफळी आता कुठे फळ धरायला लागल्या. माल वाढला, तसं मंडळाचे अध्यक्ष यज्ञेश्वरभाऊ यांनी निवडणीचं यंत्र मागवलं. ते बनवणारी क्षिप्रा गावचीच, बागायतदाराची मुलगी. माणगावात तिचं छोटं वर्कशॉप. पट्ट्यावरून सुपारी धावणार, वरचा कॅमेरा फोटो काढणार, कॉम्प्युटर ठरवणार, आणि किडकी दिसली की हवेची फुंकर तिला बाहेर उडवणार. यंत्राला शिकवायला तिने दोन टोपल्या नमुने मागितले, एक चांगल्या मालाची, एक खराब मालाची. कोकिळाने दिल्या.

पहिली वीस पोती मुंबईला गेली आणि तशीच परत आली. अडकित्त्याखाली दर चौथी सुपारी काळी निघाली होती. भाऊ शेडमध्ये आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, यंत्राचं कुणाशी वाकडं नाही, तुमचं आहे. पोट दुखलं म्हणून तुम्हीच किडका माल मिसळलात. पाडव्यापासून एकही बाई इथे नको.

अकरा जणींचं काम गेलं, ते गेलंच. वर मालात खोट केल्याचा आळ. दोन बाया तिथेच रडायला लागल्या. कोकिळा रडली नाही. तिने परत आलेल्या पोत्यातली पायलीभर सुपारी पिशवीत भरली, माणगावची एसटी धरली आणि क्षिप्राच्या टेबलावर सगळी ओतली. म्हणाली, दाखव तुझ्या यंत्राला मी काय शिकवलं ते.

क्षिप्राने स्क्रीनवर जुने फोटो काढले. कोकिळा बघत राहिली आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ‘खराब’ टोपलीतली सुपारीसुद्धा कशी लखलखत होती! फोटो काढायचा म्हटल्यावर बायांनी ती धुतली होती, पुसली होती, वर खोबरेलाचा हात फिरवला होता. किडकी तर त्यात एकही नव्हती. थोड्या बारक्या, थोड्या वाकड्या, झालं. घरातली कीड पाहुण्यापुढे मांडायची? तसं त्यांच्यात कुणी केलं नव्हतं. यंत्राने जन्मात कीड पाहिलीच नव्हती, ते ओळखणार काय कपाळ?

गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. पण कोकिळाच ती.

“चूक माजी हाय,” ती म्हणाली. “पन अर्धीच.”

“आणि उरलेली अर्धी कुणाची, काकी?”

“तुजी. तुजा कॅमेरा माडावर बसल्यासारका वरनं बघतो. त्याला बूड कसं दिसंल? आन दिवा पन डोक्यावरच. भोकाला सावली पडत न्हाय, तर भोक दिसायचं न्हाय.”

क्षिप्राकडे दोन डिग्र्या होत्या, पण कानही होते. तिने पेन्सिल घेतली. लेथवाल्याकडून पट्ट्यावर रबरी रूळ बसवून घेतले, त्यांवर सुपारी गिरकी घेऊ लागली आणि कॅमेऱ्याला तिचे तीन अंगांचे फोटो मिळू लागले. दिवा खाली उतरला, आडवा झाला, कोकिळाच्या दारासारखा. मग महिनाभर अकरा जणी पाळीपाळीने माणगावला गेल्या. अस्सल सडका माल पुढ्यात घेऊन एकेक सुपारी सांगत बसल्या: ही किड्याची, ही बुरशीची, ही पावसात भिजलेली. क्षिप्रा फोटोवर तसं नोंदवायची. एखाद्या सुपारीवर दोन बायांचं पटलं नाही की अडकित्ता निवाडा करायचा.

परीक्षा शेडमध्येच घ्यायची, हा कोकिळाचा हट्ट. मुंबईचा व्यापारी आला, भाऊ आले, अर्धा गाव जमला. यंत्राने पास केलेल्या शंभर सुपाऱ्या व्यापाऱ्याने स्वतः फोडल्या. शंभरच्या शंभर पांढऱ्या. मग कोकिळाने यंत्राने उडवलेली एक सुपारी उचलली, उलटीपालटी केली. तिला ती चांगली वाटली.

“काय कोकिळाबाई, चुकलं ना तुम्ही शिकवलेलं यंत्र?” भाऊ मिशीत हसले.

तिने सुपारी फोडली. आत काळी रेघ. बुडाच्या सुरकुतीत सुईच्या टोकाएवढं भोक होतं, ते तिच्या नजरेतून सुटलं होतं. आडव्या उजेडात कॅमेऱ्याने पकडलं होतं. आणि कोकिळा यंत्रावर थाप मारून खदखदून हसली.

“शिकली गो पोरगी. मास्तरणीच्या फुडं गेली.”

टाळ्या थांबल्यावर भाऊ पुटपुटले, माझंच चुकलं. कोकिळाने तेवढ्यावर सोडलं नाही. म्हणाली, “आळ समद्यांसमोर घातलात, तो कागदावर मागं घ्या. ठराव करा.”

ठराव झाला, कामही परत मिळालं. अकराही जणी आज शेडमध्ये आहेत. यंत्राला शंका आली की ते सुपारी तिसऱ्या ट्रेमध्ये टाकतं, तिचा निकाल बायाच देतात. आणि दर हंगामाची नवी कीड यंत्राला त्याच शिकवतात. आता शेजारच्या गावांचा मालही इथेच येतो. यंत्रावर पितळी पाटी आहे. बनवणारी म्हणून क्षिप्राचं नाव, खाली शिकवणाऱ्या म्हणून अकरा नावं, पहिलं कोकिळाचं.

तुमच्याही गावात असं शहाणं यंत्र येईल, येणारच. त्याचं खुशाल कौतुक करा. पण आधी चारचौघांत, मोठ्याने विचारा, याला शिकवलं कुणी? आणि नाव मिळेपर्यंत तिथून हलू नका.